जुनी टीव्ही गेम आणि पीएस-२ ठेवावेत, की सगळं संगणकावरच खेळावं?

अशोकचौककर | शुक्रवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर आम्ही अशोक चौकाजवळचं जुनं घर सोडून जुळे सोलापूरला फ्लॅटमध्ये जातोय. परवा माळा रिकामा केला. एका खोक्यात कॅसेटवाली टीव्ही गेम निघाली. दोन रिमोट, बदकं मारायची बंदूक आणि अकरा कॅसेट. वडिलांनी १९९६ च्या गड्ड्यात (सिद्धेश्वराच्या जत्रेत) होम मैदानावरून घेऊन दिली होती. दुसऱ्या खोक्यात पीएस-२ (सोनीचा प्लेस्टेशन-२), स्लिम मॉडेल. तो २००७ चा, माझ्या पहिल्या पगारातला.

गेल्या वर्षी संगणक नवा घेतला आणि त्यावर इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्रांची नक्कल करणारे प्रोग्राम, टाकले. टीव्ही गेममधलं सगळं चालतं, पीएस-२ चंही बहुतेक सगळं चालतं, आणि चित्र मूळ यंत्रापेक्षा कितीतरी स्वच्छ दिसतं. नव्या घरात माझ्या वाट्याला एकच कपाट आहे. जे संगणकात आहे तेच खोक्यात कशाला, असं घरच्यांचं म्हणणं आहे आणि ते वाजवी आहे.

मला एक गोष्ट मात्र खटकते. संगणकावर काँट्रा हा खेळ लावला की तो पळतो. माझ्या लहानपणीचा काँट्रा असा धावत नव्हता. संगीतही ओळखीचं वाटतं, पण आवाजाचा पोत वेगळा लागतो. बायको म्हणते, तीस वर्षांत तुमचे कान बदलले. असेलही. पण कुणाला असं जाणवलंय का? आणि खोक्यांचं काय करू?

नवीपेठ८६ | शुक्रवार, रात्री ११:१५

मालक, स्पष्ट सांगतो, द्या काढून. मी तीन वर्षांपूर्वी सगळं विकलं आणि मला एकदाही चुकचुकल्यासारखं झालं नाही.

पीएस-२ मध्ये ३२ एमबी मेमरी आणि जेमतेम २९५ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. तोच खेळ आता संगणकावर चौपट रिझोल्यूशनला चालतो, हवा तिथे सेव्ह होतो, लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालू राहतो. मूळ यंत्राची लेन्स जाते, रिमोटचं रबर जातं, ॲडॉप्टर जळतो. सुटे भाग मिळत नाहीत आणि मिळाले तरी खरे की खोटे कळत नाही. मी एकदा ऑनलाइन 'ओरिजिनल' मेमरी कार्ड मागवलं होतं. आठ दिवसांत त्यावरचं सगळं उडालं, आणि विकणाऱ्याने नंतर फोनच उचलला नाही.

आमचं घर दोन खोल्यांचं. त्यात चार यंत्रं, त्यांच्या वायरी, त्यांचे ॲडॉप्टर. आई रोज त्यावरची धूळ पुसायची. ते बघून मी ठरवलं. खेळ महत्त्वाचा, प्लास्टिकचा डबा नाही.

कंबरतलाव | शनिवार, सकाळी ७:५०

नवीपेठ८६ यांना अनुमोदन. जागा हीच मोठी किंमत आहे.

मागवाले | शनिवार, सकाळी ९:३०

मी अजून पीएस-२ वरच खेळतो, म्हणून माझा अनुभव लिहितो.

आमचे यंत्रमाग घरालाच लागून आहेत. हवेत कापसाचे तंतू कायम. मागच्या उन्हाळ्यात माझा पीएस-२ (जुना, जाडा) अर्ध्या तासात बंद पडायला लागला. उघडला तर पंख्याच्या पात्यांना पांढऱ्या लोकरीसारखा थर. बोटाने ओढला तर अख्खाच्या अख्खा निघाला, टॉवेलचा तुकडा असावा तसा. खाली उष्णता खेचणारी जी धातूची पट्टी असते तिच्या खाचा पूर्ण बुजलेल्या. ब्रशने साफ केलं, लेन्सवर कापसाच्या काडीने अगदी हलक्या हाताने आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवलं, आणि यंत्र पुन्हा सुरळीत. खर्च काहीच नाही, दुपार गेली तेवढीच.

पण नवीपेठ८६ यांचं लेन्सबद्दलचं म्हणणं खरं आहे. लेन्स ही झिजणारी वस्तू आहे. पीएस-२ २००० साली आला आणि २०१३ च्या सुरुवातीला सोनीने उत्पादन संपल्याचं सांगितलं. पंधरा कोटींच्या वर विकला गेला म्हणून सुटे भाग अजून कुठे कुठे सापडतात, पण ते कायम सापडत राहणार नाहीत.

तरी मी ठेवलाय, कारण क्रिकेट ०७. आम्ही चार मित्र २००७ पासून त्यावर स्पर्धा खेळतोय, धावफलक वहीत आहेत. मेमरी कार्डवर आमच्या टीम आहेत, आम्ही स्वतः नावं घातलेल्या. माझी भीती एवढीच की कार्ड गेलं की ते गेलं. खेळ कुठूनही परत मिळेल, ते कार्ड नाही.

रास्टररेघ | शनिवार, दुपारी १:०५

मी मूळचा सोलापूरचा (शाळा होटगी रोडला), आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून लांब लिहितो.

अशोकचौककर, तुमचे कान अगदी शाबूत आहेत. तुमच्या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत.

आधी वेगाचं. आपली टीव्ही गेम ज्याची नक्कल होती ते निन्टेंडोचं मूळ यंत्र, फॅमिकॉम, १९८३ साली जपानमध्ये आलं. तिथली टीव्ही पद्धत सेकंदाला ६० चित्रांची. खेळाचा सगळा हिशोब चित्रांवर चालतो: प्रत्येक चित्रागणिक गोळी इतकी पुढे सरकवायची, दर अमुक चित्रांनी पुढचा सूर वाजवायचा. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रं. गड्ड्यात, नव्या पेठेत, मंगळवार बाजारात जी टीव्ही गेम मिळायची ती निन्टेंडोची नव्हतीच. ती तैवान-चीनकडच्या नकली चिपवर बनलेली, आपल्या टीव्हीला जुळावी म्हणून ५० वर चालणारी. म्हणजे आपण सगळे तो खेळ सहाव्या हिश्श्याने सावकाश खेळत मोठे झालो. इम्युलेटर सुरुवातीला जपान-अमेरिकेच्या ६० वर लावलेला असतो. म्हणून तुम्हाला तो पळतोय असं वाटतं.

आता सुराचं. त्या चिपमध्ये दोन आवाज चौकोनी लहरींचे असतात. लहर किती वेळ वर आणि किती वेळ खाली राहते, त्या प्रमाणावर आवाजाचा पोत ठरतो. बऱ्याच नकली चिपमध्ये २५ टक्के आणि ५० टक्के या दोन प्रमाणांची अदलाबदल झालेली आहे. सूर तोच लागतो, पण जिथे आवाज भरीव हवा तिथे तो अनुनासिक होतो आणि जिथे अनुनासिक हवा तिथे भरीव. सनईच्या जागी बासरी ठेवावी तसं. जगाच्या दृष्टीने ती चिपमधली चूक. आपल्या कानाला मात्र तेच मूळ.

हे दोन्ही इम्युलेटरमध्ये आणता येतं. मेसेन किंवा एफसीईयूएक्स हा इम्युलेटर घ्या. प्रदेशाच्या सेटिंगमध्ये 'डेंडी' निवडा. डेंडी हे १९९२ पासून रशियात विकल्या गेलेल्या अशाच नकली यंत्राचं नाव आहे आणि त्याचं वेळेचं गणित आपल्याकडच्या यंत्रांच्या फार जवळचं आहे. 'पाल' निवडू नका. ते युरोपातल्या अधिकृत यंत्राचं सेटिंग आहे, त्यात प्रोसेसरही हळू चालतो आणि सूर खाली उतरतात. मग आवाजाच्या सेटिंगमध्ये चौकोनी लहरींच्या अदलाबदलीचा पर्याय आहे, तो चालू करा.

पण एक विनंती. हे करायच्या आधी माळ्यावरची गेम लावून बघा. तुमच्या यंत्रात नक्की कुठली चिप आहे हे मी इथून सांगू शकत नाही. काही यंत्रांत अदलाबदल आहे, काहींत नाही. ते यंत्रच सांगेल. लावताना ॲडॉप्टर तपासा: पिनच्या आत प्लस आहे की मायनस, ते मल्टिमीटरने बघा आणि यंत्रावरच्या खुणेशी जुळवा. अशा बऱ्याच यंत्रांना आत मायनस लागतो आणि बाजारातले साधे ॲडॉप्टर आत प्लसवाले असतात. उलटं लागलं तर यंत्र जाईल.

अशोकचौककर | शनिवार, रात्री ११:५५

रास्टररेघ, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला आणि संध्याकाळी बसलोच.

ॲडॉप्टर जुनाच होता, मल्टिमीटरने बघितला, खुणेशी जुळला. कॅसेटच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. लहानपणी आम्ही फुंकर मारून लावायचो. थुंकीच्या ओलाव्यानेच त्या काळवंडल्या असणार. कापसाच्या काडीला अल्कोहोल लावून एकेक पट्टी पुसली. काड्यांचं टोक आधी काळं, मग हिरवट निघत होतं. चौथ्या काडीला स्वच्छ निघालं. पिवळी-पांढरी पिन बैठकीतल्या एलईडी टीव्हीला लावली, बटण दाबलं, आणि समुद्रकिनारा, उडणारे पक्षी, खाली खेळांची यादी. '९९९९ इन १'. खरे खेळ वीसेक, बाकी तेच खेळ वेगवेगळ्या लेव्हलपासून सुरू होणारे.

मग घड्याळ लावलं. काँट्राच्या पहिल्या लेव्हलच्या संगीताचा एक तुकडा संगणकावर २० सेकंदांत संपतो. तोच तुकडा माळ्यावरच्या यंत्रावर २४ सेकंद घेतो. चार वेळा मोजलं.

आणि आवाज! बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणाली, हे वेगळंच वाजतंय. म्हणजे अदलाबदलवाली चिप आमच्याकडे आहे.

यंत्र फेकलं असतं तर मी जन्मभर स्वतःच्या आठवणीलाच चूक मानत बसलो असतो.

बंदूक मात्र चालली नाही. मुलीने पन्नास वेळा नेम धरला, एक बदक पडलं नाही. हिरमुसली. बंदूक गेली का?

नवीपेठ८६ | रविवार, सकाळी ८:२०

चार सेकंदांचा फरक वाचून मीही चाट पडलो. पण मालक, बघा, तो फरक आता संगणकात दोन टिकांनी आणता येतो हेही रास्टररेघ यांनीच सांगितलं. म्हणजे यंत्राचं काम झालं. मोजमाप घेतलं, आता द्या कुणाला तरी.

रास्टररेघ | रविवार, सकाळी ९:१०

नवीपेठ८६, तुमचा मुद्दा मला समजतो, पण मोजमाप कधी संपत नाही. आज वेग आणि पोत मोजला. उद्या कुणी विचारेल, रंग कसे होते? बाहेर जाणाऱ्या सिग्नलमध्ये निळा किती गडद होता? त्या '९९९९ इन १' कॅसेटमध्ये खेळांची पानं बदलणारं जे सर्किट आहे (त्याला मॅपर म्हणतात), ते कुठल्या जातीचं? निन्टेंडोच्या अधिकृत कॅसेटांचा एकेक कण जगभरच्या हौशी लोकांनी तपासून ठेवलाय. आपल्याकडे जे विकलं गेलं त्याची नोंद कुणी ठेवणार? ना ते कुठल्या कंपनीच्या यादीत आहे, ना पावती आहे. ते फक्त अशा माळ्यांवर आहे.

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास केला. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या अभिजात खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत. हे अधिकृत खेळांचं झालं. आपल्या नकली कॅसेटांची तर मोजणीच नाही.

अशोकचौककर, त्या अकरा कॅसेटांपैकी एकही देऊ नका. माझ्याकडे कॅसेट वाचून संगणकात उतरवणारं यंत्र आहे. गड्ड्याला येईन तेव्हा घेऊन येतो.

ट्यूबवाले | रविवार, सकाळी ११:३०

मी विजापूर वेशीजवळ तीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले, आता दुकान मुलाकडे आहे, तो मोबाईल करतो. बंदुकीचं मी सांगतो.

बंदूक गेलेली नाही. तुमचा टीव्ही तिला चालत नाही. ही बंदूक काही सोडत नाही, ती बघते. नळीत एक भिंग आणि त्यामागे उजेड ओळखणारा छोटा भाग. घोडा दाबला की खेळ एका चित्रापुरता पडदा काळा करतो आणि पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीला आधी अंधार आणि लगेच उजेड दिसला की बदक पडलं. डोळ्याला फक्त झपकन चमकल्यासारखं होतं. शिवाय आत अशी गाळणी असते की पिक्चर ट्यूबचा उजेडच चालावा. ट्यूबवर रेघा सेकंदाला १५,६२५ वेळा ओढल्या जातात, ती थरथर बंदूक ओळखते. नाहीतर पोरं बल्बकडे रोखून जिंकली असती. एलईडी टीव्हीला ती थरथर नाही आणि चित्रही उशिरा येतं. बंदूक अंधारात वाट बघत बसते.

माझ्याकडे १४ इंची टीव्ही आहे, पिक्चर ट्यूब चांगली, एलओटी (ट्यूबला मोठं व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर) दोन वर्षांपूर्वी बदलली. घेऊन जा. पैसे नकोत. भंगारवाला त्याचे काय देतो ते ऐकून मला वाईट वाटतं, म्हणून ठेवून दिलाय.

एकच अट. मागचं झाकण उघडायचं नाही. ट्यूबच्या ॲनोडला हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही राहतात. माझ्या उजव्या हाताला त्याची आठवण आहे. बिघडला तर मला फोन करा.

सातरस्ता | रविवार, दुपारी ४:४५

ट्यूबवाले काका, तुमचं वाचून अंगावर काटा आला. माझ्या मुलांना वाचून दाखवलं.

एक आईच्या नजरेने सांगते. आमच्याकडे दोन्ही आहे. संगणकावर मुलगा एकटा बसतो. एक खेळ लावला, दोन मिनिटांत दुसरा, मग तिसरा. यादीत हजार खेळ असतात, एकही पुरा होत नाही. पीएस-२ लावला की दोघं भावंडं खाली सतरंजीवर बसतात, रिमोटसाठी भांडतात आणि एकच खेळ दोन तास खेळतात. डिस्क बदलायला उठावं लागतं, म्हणून कुणी बदलत नाही. संगणकालाही दोन रिमोट लागतात हे मला माहीत आहे. पण तो संगणक अभ्यासाच्या टेबलावर आहे, समोर एकच खुर्ची आहे.

वकीलगल्ली | रविवार, सायंकाळी ६:१५

कायद्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. इम्युलेटर बनवणं किंवा वापरणं हा गुन्हा नाही. अमेरिकेत २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात न्यायालयाने इम्युलेटर बनवणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. दुसरीकडे २०२४ मध्ये निन्टेंडोच्या स्विच या यंत्राचा यूझू हा इम्युलेटर बनवणाऱ्या मंडळींनी निन्टेंडोशी २४ लाख डॉलरला तडजोड केली आणि काम बंद केलं. म्हणजे आजच्या यंत्राचं संरक्षण फोडण्याला कंपन्या सोडत नाहीत.

आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(कक), इंग्रजी प्रतीत डबल ए. कायदेशीररीत्या आपल्याकडे असलेल्या प्रोग्रामची, तो नष्ट होऊ नये म्हणून, राखीव प्रत करता येते. त्यामुळे मूळ डिस्क जवळ असणं याला अर्थ आहे. ती विकून प्रत ठेवली तर हा आधार राहत नाही. नेटवरून उतरवलेल्या खेळाला तो मुळातच नाही.

नवीपेठ८६ | रविवार, रात्री ९:००

डिस्क विकून प्रती ठेवल्या, हे माझंच झालं. कायद्याची ही बाजू माहीत नव्हती. जागेबद्दल माझं मत तेच आहे, पण कॅसेट देऊ नका हे रास्टररेघ यांचं म्हणणं पटलं. माझ्याही चार कॅसेट मामेभावाकडे पंढरपूरला आहेत. त्याला आजच फोन केला, फेकू नको म्हणून.

मागवाले | सोमवार, सकाळी १०:१०

मेमरी कार्डाचं कुणी सांगेल का? आठ एमबीचं आहे, सोनीचं मूळ.

रास्टररेघ | सोमवार, दुपारी १२:३०

मागवाले, तुमच्या पीएस-२ ला घरी लिहिलेल्या डिस्कही चालवू देणारी चिप बसवलेली असेल (आपल्याकडे बहुतेकांना असायची), तर यूलाँचएल्फ नावाचा छोटा प्रोग्राम डिस्कवर लिहून चालवता येतो. समोरच्या यूएसबीला पेन ड्राइव्ह लावा, कार्डवरची फोल्डरं त्यात कॉपी करा. यूएसबी जुन्या वेगाचं आहे, सावकाश होईल, मध्येच बंद करू नका. मग त्या सेव्ह संगणकावर पीसीएसएक्स-२ या पीएस-२ च्या इम्युलेटरमध्ये आणता येतात. पेन ड्राइव्ह लहान क्षमतेचा आणि फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेला घ्या. हे काम याच आठवड्यात करा. यंत्र ठेवायचं की नाही, ते नंतर बघू.

अशोकचौककर | पुढचा रविवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. काय ठरलं ते लिहितो.

ट्यूबवाले काकांकडून टीव्ही आणला. रिक्षात मांडीवर धरून आणला, भलता जड. बंदूक लावली. मुलीचा पहिला नेम चुकला, दुसऱ्याला बदक पडलं. उडीच मारली तिने. वडील ७२ वर्षांचे आहेत. ते बाजूला बसून बघत होते, मग म्हणाले, दे इकडे. आठ बदकं पाडली. १९९६ मध्ये ते आम्ही झोपल्यावर खेळायचे, हे आईने परवा पहिल्यांदा सांगितलं.

टीव्ही गेम, बंदूक, अकरा कॅसेट आणि हा टीव्ही नव्या घरात येणार. कपाटाचा खालचा खण त्याचा. मेसेनमध्ये डेंडी आणि अदलाबदल दोन्ही लावलं, घड्याळात २४ सेकंद आले. डोळे मिटून ऐकलं तर मला फरक कळत नाही. रोजचा काँट्रा आता संगणकावर खेळीन.

पीएस-२ बद्दल बराच विचार केला. माझ्याकडे त्याच्या मूळ अशा सात डिस्क आहेत. त्या ठेवल्या आणि त्यांच्या प्रती संगणकात उतरवल्या. साध्या डीव्हीडी ड्राइव्हने वाचल्या गेल्या, एकच ओरखड्यांमुळे अडली. यंत्राची लेन्स ठीक आहे, पण मी ते वर्षातून दोनदा लावतो. मागवाले ते रोज वापरतात आणि त्यांच्या यंत्राला वय झालंय. म्हणून माझा स्लिम त्यांना द्यायचं ठरवलंय. क्रिकेट ०७ ची स्पर्धा थांबायला नको.

मागवाले, बुधवारी सुट्टी आहे, घरी या. तुमची मेमरी कार्डं आणि वही दोन्ही आणा. पेन ड्राइव्ह माझ्याकडे तयार आहे, फॅट-३२ केलेला.

मागवाले | पुढचा रविवार, रात्री १०:५५

दादा, काय बोलू. बुधवारी दहाला येतो. पंखा साफ करायचा ब्रशही आणतो, तुमच्या स्लिमचाही बघून घेऊ.